लाख श्रोत्यांची सम

२०२५ च्या जानेवारीत ‘कोल्डप्ले’ या इंग्रज मंडळीने मुंबईकडे तीन आणि अहमदाबादेत दोन जलसे केले. त्या दिवसांत आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून या विषयाची जेवढी चर्चा झाली, तेवढी अलीकडे कोणा गवयाविषयी झाल्याचे मला आठवत नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, लग्नाच्या पंगतीत, जिथे म्हणून चार माणसे जमली तिथे दोन तट पडत. वडीलधाऱ्यांचा तट म्हणे, हा नुसता गोंगाट आहे; पोरे आईबापांचे पैसे उधळीत आहेत. तरुणांचा तट म्हणे, तुमच्या बैठकीत जाऊन आम्ही जांभया देण्यापेक्षा हे बरे. दोन्ही बाजू माझ्याकडे पंच म्हणून पाहत, कारण मी गाणे शिकवून पोट भरतो आणि माझे वडील राजवाड्यात तबला वाजवीत.

पंचाने आपला कल आधीच सांगून टाकावा हे बरे. मी या मंडळीचा पंचवीस वर्षांचा चाहता आहे आणि २५ जानेवारीच्या रात्री अहमदाबादच्या त्या अफाट क्रीडांगणात मी हजर होतो. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा कोणी करू नये. पण आवडीच्या माणसाचे गुणदोष आवडणाऱ्यालाच जास्त दिसतात, त्या अधिकाराने हे लिहीत आहे.

‘बँड’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वरातीपुढचे लाल डगलेवाले येतात. हे प्रकरण निराळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना, १९९६-९७ च्या सुमारास, चार तरुण एकत्र आले. ख्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो, जॉनी बकलँड गिटार, गाय बेरीमन खर्जाची गिटार आणि विल चॅम्पियन तालवाद्ये सांभाळतो. २००० साली त्यांचा ‘पॅराशूट्स’ हा पहिला संग्रह निघाला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सकाळी रियाज व रात्री मित्रांच्या खोलीवर जे वाजेल ते ऐकणे असा माझा दिनक्रम होता. चौघे तेव्हा एकत्र होते ते आजही आहेत. आपल्याकडे चार माणसांचे भजनी मंडळसुद्धा इतकी वर्षे न फुटता टिकत नाही, हे लक्षात घेतले तर या एका गोष्टीचेच कौतुक वाटावे.

माझे वडील १९४६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी दरबारी नोकरीत लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, तरी पुढे काही वर्षे ते राजवाड्याच्या खासगी सेवेत होते. मी त्यांचे शेंडेफळ. माझ्या आठवणीतले वडील हे निवृत्त, पण कानाने अत्यंत जागे असे गृहस्थ होते. २००२ साली या मंडळीचे ‘क्लॉक्स’ हे गाणे निघाले. ते मी घरात वारंवार लावी. एके दिवशी वडील झोपाळ्यावरून म्हणाले, “खमाजाची हवा आहे रे. पण तो निषाद घरी परत जाण्याची घाई करीत नाही.” मग बोटांनी झोपाळ्याच्या कडीवर ठेका धरून म्हणाले, “आणि आठ मात्रा आहेत, पण चार-चार मोजू नकोस. तीन, तीन, दोन असे मोज.”

त्यांनी एका ऐकण्यात ओळखले ते अगदी खरे होते. त्या गाण्यात शुद्ध गंधाराबरोबर कोमल निषाद आहे, म्हणजे आपला खमाज थाटच. पियानोवर जो सूरसमूह अखंड फिरतो त्याचे आघात तीन, तीन, दोन असे पडतात. केहरवा शिकवताना मी आजही मुलांकडून आधी चार-चारच्या टाळ्या देववतो आणि मग ही दुसरी वाटणी. मुलांचे डोळे चमकतात. आठ मात्रा त्याच. पण चालणाऱ्या माणसाने मध्येच उडी मारावी तसे काहीतरी होते.

‘हे परके संगीत आहे’ हा आक्षेप बडोद्याने तरी घेऊ नये. १८८६ साली महाराज सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली आणि त्यांचे चिरंजीव डॉ. अल्लाउद्दीन लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले. संस्थानाच्या पदरी ख्याल गाणारे होते, तसे पाश्चात्त्य वाद्यांचे बँडही होते. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. फैयाजखाँ साहेबांनी १९५० साली देह ठेवला तो इथेच. ज्या शहराने हे सारे एका छपराखाली नांदवले, त्या शहराला एका गिटारीने विटाळ होण्याचे कारण नाही. विचार करायचा तो निराळ्या गोष्टींचा.

पहिली गोष्ट तिकिटाची. मुंबईच्या जलशांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्रीस निघाली. जागा लाखभर आणि संगणकावरच्या रांगेत माणसे एक कोटीच्या वर. तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. रांग लागताच ती यंत्रणा कोलमडली, मुंबईत तिसरा जलसा वाढवावा लागला, आणि काही तासांतच तीच तिकिटे बाहेर कितीतरी पटींनी, लाखांच्या घरात, विकायला निघाली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली. तिकिटांच्या या काळ्या बाजाराला आळा घालणारे नियम व्हावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि असे नियम करणे हे विधिमंडळाचे व सरकारचे काम आहे असे सांगितले. न्यायालयाचे म्हणणे वाजवी आहे. पण ज्यांचे ते काम आहे त्यांनी ते करायला हवे, हेही तितकेच वाजवी आहे.

दरबारात गाणे असे तेव्हा कोण कुठे बसणार हे मानपानावर ठरे. वडील सांगत की गवयाच्या समोर सरदार, मग मानकरी, मग अधिकारी. आणि ज्यांना गाण्यातले खरोखर कळे ते पुष्कळदा दाराशी उभे असत. त्या मानाने संगणकाची रांग ही न्यायाची गोष्ट. तिथे आडनाव विचारीत नाहीत. जो आधी आला तो आधी बसला. अहमदाबादच्या तिकिटांची विक्री १६ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली तेव्हा माझा भाचा दुपारपर्यंत फोनवरचा डोळा न हलवता बसला होता, आणि त्याला सर्वांत स्वस्त श्रेणीतली दोन तिकिटे मिळाली. अडीच हजारांचे एक. माझ्या वर्गातल्या एका मुलाची ती तीन महिन्यांची फी झाली. भाचा म्हणाला, “मामा, आपण रांगेत उभे राहून मिळवले.” त्याच्या बोलण्यातला अभिमान मला आवडला. काळा बाजार याच अभिमानाला चूड लावतो. रांग मोडून पैशाने पुढे जाणारा माणूस हा जुन्या मानकऱ्याचाच नवा अवतार; फरक एवढाच की जुन्याला निदान गवयाला बिदागी द्यावी लागे. दलालाच्या खिशात गेलेल्या पैशातला एक रुपयाही गाणाऱ्याला पोहोचत नाही.

मुंबईहून अहमदाबादेस रेल्वेने खास गाड्या सोडल्या होत्या, तिथल्या मेट्रोने रात्री उशिरापर्यंत फेऱ्या ठेवल्या होत्या. मोटेऱ्याच्या त्या क्रीडांगणात क्रिकेटसाठी एक लाख बत्तीस हजार माणसे बसतात. दोन रात्री मिळून दोन लाखांहून अधिक श्रोते झाले. आम्ही बडोद्याहून दुपारीच निघालो. आत जाण्याच्या रांगेत गुजराती, हिंदी, इंग्रजी ऐकू येत होतीच. पण पुणे-मुंबईकडची मराठीही पदोपदी कानावर पडत होती. माझ्या पुढे एक बाई आपल्या मुलीसह होत्या, वय माझ्याएवढेच. मुलीला सर्व गाणी पाठ होती आणि आईला जुनी. दोघी रांगेतच एकमेकींची परीक्षा घेत होत्या.

या पाठांतराने मला पहिला धक्का दिला. आपल्या बैठकीला येणारा श्रोता बहुधा काहीच तयारी करून येत नाही. गवई काय गाणार हे त्याला माहीत नसते, आणि उपजेच्या संगीतात ते माहीत नसण्यातच मौज आहे, हे मान्य. पण रागाची ओळख, बंदिशीचे शब्द, तालाची मात्रा, यांतले काही घरून घेऊन यावे असेही त्याला वाटत नाही. इथे मात्र वीस वर्षांची मुले पाच-पाच संग्रह तोंडपाठ करून, महिनोन्महिने दिवस मोजून आली होती. श्रोत्याच्या तयारीला आपल्याकडे एके काळी ‘कानसेन’ हा शब्द होता. तो आता चेष्टेतच उरला आहे.

आमची जागा अगदी वरच्या सज्जात. रंगमंचावरची माणसे तिळाएवढी दिसत. गाण्याला पॅलेस्टिनी-चिली वंशाची एलियाना आणि आपली जसलीन रॉयल यांनी सुरुवात करून दिली. मग अंधार पडला आणि मुख्य मंडळी आली. आत शिरतानाच प्रत्येकाच्या हाती एक मनगटपट्टा दिला होता. तो लावला होता खरा, पण त्याचे मर्म मला पहिल्या दोन गाण्यांनंतर उमगले, आणि या साऱ्या प्रकारातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग माझ्या मते तोच आहे.

माझे वडील म्हणत, मैफल जमली की नाही हे गवयाला विचारू नये. समेवर किती माना हलल्या ते मोजावे. तबलजी असल्यामुळे ते सतत श्रोत्यांच्या मानांकडे पाहत. ज्या दिवाणखान्यात साठ माणसे बसली आहेत तिथे सम सर्वांना एकाच क्षणी लागते. पण क्रीडांगणाचे गणित निराळे आहे. आवाज एका सेकंदात सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. रंगमंचापासून मी एकशेसत्तर मीटरवर असेन, तर गायकाचा सूर मला अर्ध्या सेकंदाने ऐकू येणार. ‘क्लॉक्स’च्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे जवळजवळ एक मात्रा. म्हणजे रंगमंचासमोरचा श्रोता समेवर असतो तेव्हा मी अजून एक मात्रा मागे असतो. समोरच्या सज्जातली टाळी माझ्यापर्यंत त्याहून उशिरा येते. ध्वनिवर्धकांचे मनोरे मध्ये उभारतात, पण त्यांचा आवाजही मुद्दाम मागे ठेवावा लागतो. तसे न केले तर आधी मनोऱ्याचा आणि मग रंगमंचाचा असे दोन-दोन सूर ऐकू येतील. सारांश, लाख माणसांना नुसत्या आवाजाने एका समेवर आणता येत नाही. इथे निसर्गाचाच नियम आडवा येतो.

तिथे हा मनगटपट्टा कामाला येतो. त्यात दिवे आहेत, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी ते एकाच जागेवरून पेटवता-विझवता येतात. प्रकाशाला लाख माणसे ओलांडायला वेळ लागत नाही. ‘यलो’ हे त्यांचे पहिले गाजलेले गाणे सुरू झाले आणि सारे क्रीडांगण एका निमिषात हळदीसारखे पिवळे झाले. पुढच्या गाण्यात ठेक्याबरोबर लाल, मग निळे. माझ्या लक्षात आले की या मंडळीने समेची खूण कानाकडून काढून डोळ्याकडे दिली आहे. २०१२ च्या दौऱ्यापासून ते असे पट्टे वापरीत आहेत. बुद्धी लढवून काढलेली ही तोड आहे आणि तिला मी मनापासून दाद देतो. हे पट्टे जाताना परत घेतात आणि पुढच्या गावी वापरतात, ही गोष्टही चांगली.

पण याच ठिकाणी मला पहिली खंतही वाटली. दिवाणखान्यात मान हलते ती ज्याची त्याची. कोणी हलवत नाही. एखाद्याची समेआधीच हलते, एखाद्याची हलतच नाही, आणि गवई त्या मानांकडे पाहून पुढची जागा ठरवतो. मनगटावरचा दिवा मात्र माझा नव्हता. तो माझ्या आनंदाने पेटला नाही. कोणीतरी दूर बसून पेटवला. मी त्या क्षणी अगदी उदास असतो तरी तो तितक्याच हौसेने लखलखला असता. दाद दिली गेली, पण माझ्या वतीने दुसऱ्याने दिली.

गाण्यांचा क्रमही ठरलेला. हा दौरा मार्च २०२२ मध्ये कोस्टारिकात सुरू झाला आणि देशोदेशी थोड्याफार फरकाने हाच खेळ चालत आला. श्रोते रंगले म्हणून एखादे कडवे चार वेळा फिरून घेतले, असे इथे होत नाही. दिवे, पडदे, फटाके सारेच मात्रेला मात्रा बांधलेले असतात. उपज म्हणून असतो तो एकच प्रसंग. कॅमेरा गर्दीतल्या कोणावर तरी थांबतो, तो चेहरा प्रचंड पडद्यावर दिसतो आणि मार्टिन त्या माणसाच्या कपड्यांवरून, हातातल्या फलकावरून जागच्या जागी चार ओळी रचून गातो. मला तो भाग सर्वांत आवडला. आमच्याकडचे जुने शाहीर करीत तेच हे. लाख माणसांतून एकाला नावानिशी हाक मारल्यासारखे होते आणि बाकीच्यांना वाटते, ही हाक आपल्यालाही आली असती.

दुसरा एक प्रसंग सांगायला हवा. ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे गाणे भरात आले असताना मार्टिनने ते मध्येच थांबवले आणि विनंती केली की हे एक गाणे फोन खिशात ठेवून ऐका. तो प्रत्येक गावी असे करतो, म्हणजे तेही ठरलेलेच. तरी फोन खाली गेले. इतका वेळ लाख माणसे लाख लहान पडद्यांतून गाणे पाहत होती, ती एकदम उघड्या डोळ्यांनी पाहू लागली. गाणे पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याचा आवाज वाढलेला नव्हता, पण माझ्या शेजारच्या मुलांचा वाढला होता. आपल्या बैठकींतही हल्ली पहिल्या रांगेत फोन उंचावलेले असतात. एखाद्या गवयाने असेच मध्ये थांबून सांगावे, असे मला फार वाटते.

आता मुख्य गोष्ट. हे संगीत मैफल म्हणून मोजू गेले तर उणेच ठरणार. सुरांची बढत नाही, एका सुरावर थांबणे नाही, लय एकदा धरली की शेवटपर्यंत तीच. शब्दांत भावनेची साखरही जरा जास्तच. पण ही मैफल नव्हेच. ‘विवा ला विदा’ या त्यांच्या २००८ सालच्या गाण्याच्या वेळी हे मला स्पष्ट झाले. राज्य गमावलेल्या एका राजाच्या तोंडचे ते गाणे आहे. शेवटी शब्द संपतात आणि नुसता ‘ओ’काराचा एक आलाप उरतो. तो आलाप मंडळीने सोडून दिला आणि श्रोत्यांनी उचलला. खालच्या मैदानातून तो निघे आणि सज्जांपर्यंत चढत येई, वाटेत एक मात्रा मागे पडे, पुन्हा मिळे. बेसूर होता का? होता. पण त्यात दिव्यांचा हात नव्हता. ते ज्याचे त्याचे गळे होते. संस्थानी गावातून आलेला, दरबारी तबलजीचा मुलगा मी, पदच्युत राजाचे दुःख लाख माणसे इतक्या आनंदाने गात आहेत हे ऐकताना काय वाटले ते सांगणे कठीण आहे. एवढेच म्हणेन की मीही गात होतो.

आपल्याकडे याला जागा आहे, आणि ती कीर्तनात आहे. बुवा पुढे, टाळकरी मागे, आणि ध्रुपद आले की सारा मंडप ते उचलून धरतो. तिथे कोणी कोणाचा षड्ज तपासत नाही. बडोदेकरांना तर आणखी जवळचे उदाहरण आहे, नवरात्रातल्या गरब्याचे. मध्यभागी गाणारे आणि भोवती हजारोंची वर्तुळे. तिथेही आवाज मागच्या फेरीपर्यंत उशिरानेच पोहोचतो. पण प्रत्येक जण पुढच्याच्या पावलाकडे पाहून टाळी देतो, म्हणून फेर मोडत नाही. मनगटावर दिवे लावल्याशिवाय हजारोंची सम साधणारी माणसे आपण आहोत, हे विसरू नये. ज्या वडीलधाऱ्यांना तो जलसा गोंगाट वाटतो त्यांना मी एवढेच विचारीन: गरब्यात आणि हरिपाठात तुम्ही जे शोधता, ते तुमच्या मुलाने मोटेऱ्यात शोधले तर त्यात नवल ते काय?

तरुण तटालाही एक प्रश्न आहे. कीर्तनाने बैठकीची जागा घ्यावी काय? हजारोंत मिसळून जाण्याचा आनंद मोठा खराच. पण साठ माणसांत बसून, गवयाच्या डोळ्याला डोळा देऊन, आपल्या एका ‘वाहवा’ने त्याची तान वळलेली पाहण्याचा आनंद निराळा आहे. पहिल्यात तुम्ही एका समुद्राचा थेंब होता. दुसऱ्यात तुम्ही गाण्याचे भागीदार होता. माणसाला दोन्ही लागतात. आजची चिंता अशी की पहिल्याला पैसा, सरकार, रेल्वे, पोलीस सारे आहेत, आणि दुसऱ्याला सतरंजी अंथरायलाही माणूस मिळत नाही.

सरकारचे म्हटले, कारण विषय तिथपर्यंत गेला आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी, अहमदाबादच्या जलशानंतर दोनच दिवसांनी, पंतप्रधानांनी भुवनेश्वर येथील भाषणात मुंबई-अहमदाबादच्या या जलशांचा उल्लेख करून अशा कार्यक्रमांवर उभ्या राहणाऱ्या अर्थव्यवस्थेला देशात मोठा वाव आहे असे सांगितले. त्यात तथ्य आहे. त्या दोन दिवसांत अहमदाबादची हॉटेले भरली, भाडी गगनाला भिडली, रिक्षावाल्यापासून फरसाणवाल्यापर्यंत सर्वांनी चार पैसे मिळवले. त्याच आठवड्यात एड शीरनने आपला भारतातला दौरा पुण्यापासून सुरू केला, मे २०२५ मध्ये ‘गन्स एन रोझेस’ मुंबईत येऊन गेले. ही रीघ थांबणारी नाही आणि थांबावी असे मी म्हणत नाही.

मी म्हणतो ते एवढेच की गाण्याची मोजदाद हॉटेलच्या खोल्यांनी होऊ लागली की गाणे शिकवणारा त्या हिशेबातून गळतो. सयाजीराव महाराजांनीही कलावंतांचा हिशेब ठेवलाच होता. कलावंतांचे रीतसर खाते होते, पगार होते, हजेरीचे नियम होते, गैरहजेरीला दंड होता. वडील त्या नियमांच्या आठवणी हसत सांगत. पण त्याच दप्तरात गायनशाळेचाही खर्च असे. जलसा आणि शाळा या एकाच खर्चाच्या दोन बाजू आहेत हे त्या राज्यकर्त्याला कळत होते. शाळेत कान तयार झाला नाही तर उद्याच्या जलशाला श्रोता कुठून येणार?

आणि हे आज कोणी करीत नाही असेही नाही. हेच ‘कोल्डप्ले’ घ्या. २०२५ साली इंग्लंडमध्ये हल आणि वेम्ब्ली येथे त्यांनी जे जलसे केले, त्यांतल्या आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा त्यांनी तिथल्या लहान संगीतगृहांना साहाय्य करणाऱ्या एका विश्वस्त संस्थेला देण्याचे आधीच जाहीर केले होते. कारण उघड आहे. लाखांपुढे गाणारे हे चौघे एके दिवशी लंडनमधल्या शंभर माणसांच्या खोल्यांतूनच वर आले. त्या खोल्या बंद पडल्या तर उद्याचे चौघे येणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. मोठ्या झाडाने आपल्या बुंध्याला पाणी घालण्याचा हा प्रकार आहे.

आपल्याकडे असे काही ठरवायला काय हरकत आहे? लाख माणसांचा जलसा ज्या शहरात होतो, त्या शहराने तिकिटामागे अगदी लहान रक्कम बाजूला काढावी आणि ती तिथल्या गायनवर्गांना, लहान सभागृहांना, सतरंजीवरच्या बैठकींना द्यावी. अडीच हजारांच्या तिकिटात पाच रुपये कोणाला जड होणार नाहीत. दोन लाख श्रोत्यांचे दहा लाख रुपये होतात. तेवढ्या रकमेत एका लहान मंडळाच्या बैठकी कित्येक वर्षे चालतील. तिकिटांच्या फेरविक्रीचा कायदा आणि हा हिस्सा, या दोन गोष्टी सरकारकडे मागण्यासारख्या आहेत.

तिसरी मात्र आपल्याच हातातली आहे. आपल्या जुन्या घरांना गाणे फुकट ऐकण्याची सवय दरबाराने लावली. राजा बिदागी देई, आपण मानाने जाऊन बसत असू. राजा जाऊन पाऊणशे वर्षे झाली, सवय तशीच आहे. शंभर रुपयांच्या बैठकीचे पास मागायला मला अजून फोन येतात, आणि ते करणारी माणसे नातवाला अडीच हजार काढून देतात. नातू तरी आपल्या गाण्याचा आश्रयदाता झाला आहे. आजोबा अजून दरबारात बसले आहेत. तेव्हा यंदा आपल्या मंडळाची बैठक ठरेल त्या वेळी पास मागू नका. तिकीट घ्या, आणि घरातल्या त्या मोटेऱ्याहून परतलेल्या पोरासाठी एक जास्तीचे घेऊन त्याला पहिल्या रांगेत, तबलजीला दिसेल असा बसवा.